लिपोवारच्या अकरा जणांची यादी

“खोड ते नाव. इवो नव्हता. लेफ्ट विंगला मारिन होता,” झ्वोन्को म्हणाला आणि त्याने बोटाने टेबलावर दोनदा टकटक केले.

पुरुषोत्तमरावांनी चष्मा वर सरकवला. “एप्रिलमध्ये तू इवो म्हणालास.”

“एप्रिलमध्ये चुकलो. आज आठवलं. इंजिनियर, एवढं कळत नाही तुला? माणूस चुकतो, मग दुरुस्त करतो.”

“मी इंजिनियर नाही. डिप्लोमा होल्डर. ड्राफ्ट्समन.”

“आमच्याकडे ज्याच्या खिशात तीन पेन्सिली, तो इंजिनियर. लिही. मारिन.”

दोघांचेही इंग्रजी कारखान्यात घडलेले होते. एकाचे सांगलीजवळच्या पंपांच्या कारखान्यात, दुसऱ्याचे शिकागोच्या एका टूलरूममध्ये. त्यात क्रियापदे थोडी आणि नामे फार. परंतु शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या झ्वोन्कोच्या स्वयंपाकघरात, दर मंगळवारी सकाळी दहा ते बारा या वेळात, त्याच इंग्रजीत एका फुटबॉल क्लबचा शंभर वर्षांचा इतिहास लिहिला जात होता आणि आठ महिन्यांत भाषेपायी काम कोठे अडले नव्हते.

पुरुषोत्तमरावांनी नवा कागद घेतला. चारही बाजूंनी समास आखला. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट पाडून तिच्यात रकाने केले: शीर्षक, दिनांक, बदल क्रमांक, काढणार, मंजूर करणार. मधल्या जागेत मैदानाचा आराखडा आणि त्यावर अकरा चौकोन, १९६३ साली संघ जसा उभा राहिला होता तसे; एक गोलकीपर, दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. प्रत्येक चौकोनात त्यांनी उभ्या, सुट्या, एकसारख्या उंचीच्या अक्षरांत एकेक नाव घातले. बदल क्रमांकाच्या रकान्यात ‘जे’ लिहिले. ‘एच’नंतर खरे तर ‘आय’ यायचे. पण ‘आय’ची आणि एकच्या आकड्याची गल्लत होते म्हणून ड्रॉइंग ऑफिसात ते अक्षर वगळतात, आणि पुरुषोत्तम ताम्हनकर निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली तरी ते वगळतच होते.

“मंजुरी,” म्हणून त्यांनी कागद पुढे सरकवला.

झ्वोन्कोने सही केली. ती रकान्याच्या रेघेखाली उतरली. “झालं. आता हे कायम.”

“एप्रिलमध्येही कायम म्हणाला होतास.”

“तेव्हा कॉफी पातळ होती,” झ्वोन्को म्हणाला आणि उठून त्याने विचारले, “कॉफी घेणार?”

त्याने आधी ओतलेले दोन कप टेबलावर निवत होते. पुरुषोत्तमराव स्वतः शहात्तर वर्षांचे होते, झ्वोन्को त्र्याऐंशीचा. या वयात माणूस कपाळावरचा चष्मा घरभर शोधतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

बारा वाजता नीलांबरी, त्यांची सून, गाडी घेऊन आली. चालत जाण्याजोगे अंतर होते. परंतु त्या वाटेवर पदपथ मध्येच संपत असे, म्हणून ती त्यांना एकटे सोडत नसे.

“काय बाबा, आज टीम फायनल झाली का?” तिने सीटबेल्ट लावता लावता विचारले. “का अजून सिलेक्शन कमिटीच बसलीय?”

“एक बदल झाला. लेफ्ट विंग.”

“पुन्हा? साठ वर्षांपूर्वीची मॅच आहे बाबा, प्लेयर्स अजून चेंज होतायत!”

“दुरुस्ती होतेय,” पुरुषोत्तमराव म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी चपला काढल्या, हात धुतले आणि संजयच्या, म्हणजे मुलाच्या, टेबलाखालचे कागद कातरायचे यंत्र पुढे ओढले. पिशवीतून ‘एच’ क्रमांकाची प्रत काढली, तिच्यावर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ मारून ‘रद्द’ लिहिले आणि ती यंत्रात सोडली. बारीक पट्ट्या खालच्या डब्यात पडल्या. ‘ए’पासूनच्या सगळ्या प्रती याच वाटेने गेल्या होत्या.

हा नियम त्यांनी एकदा फार महागात शिकून घेतला होता. १९८६ साली एका पंपाच्या शाफ्टचे माप बदलले. नवे ड्रॉइंग निघाले, वाटले गेले; पण टर्निंग शॉपमधल्या एका खणातली जुनी प्रत परत घ्यायची राहिली. ती परत घेणे ज्याचे काम होते, तो माणूस म्हणजे पुरुषोत्तम ताम्हनकर. जुन्या मापाने बावीस शाफ्ट कातले गेले आणि ज्याने ते कातले, तो टर्नर तीन दिवस निलंबित झाला. चौथ्या दिवशी तो कामावर आला, तेव्हा त्याने ताम्हनकरांकडे पाहून नेहमीसारखा नमस्कार केला. त्या नमस्काराने जे झाले, ते कोणत्याही मेमोने झाले नसते. तेव्हापासून नवी प्रत निघाली की जुनी त्याच दिवशी नष्ट करायची, हा त्यांच्या हाताचाच धर्म होऊन बसला होता.

झ्वोन्कोची ओळख गेल्या वर्षी ऑक्टोबरात झाली होती, वस्तीतल्या तळ्याकाठी. पुरुषोत्तमराव बाकावर बसून समोरच्या उताराचा कोन मनाशी मापत होते. शेजारी बसलेला उंच, हाडापेराचा म्हातारा आपणहून म्हणाला, “आमचं ग्राउंड असंच होतं. नदीकडे पंचेचाळीस सेंटिमीटर खाली.”

“किती लांबीला?” पुरुषोत्तमरावांनी विचारले.

म्हाताऱ्याने वळून पाहिले. अमेरिकेत चोपन्न वर्षे काढली, पण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारला नव्हता. “शंभर मीटरला,” तो म्हणाला, आणि त्या दिवशी दोघेही घरी तासभर उशिरा पोहोचले.

क्रोएशियातल्या लिपोवार नावाच्या लहानशा शहराची ती गोष्ट होती. नदीकाठी वीटभट्ट्या. भट्टीकामगारांनी १९२५ साली क्लब काढला आणि नाव ठेवले ‘त्सिग्लार’, म्हणजे वीट पाडणारा. माती काढून काढून जो मोठा खड्डा झाला होता, तोच सपाट करून त्यांनी मैदान केले. गोलपोस्ट भट्टीच्या जुन्या छपराच्या तुळयांचे. मैदान रस्त्यापेक्षा खाली असल्याने गाव वरूनच फुकट सामने बघे. म्हणून समितीने फळ्यांचे कुंपण घातले, तर गाव अक्रोडाच्या झाडावर चढले. चेंडू नदीत गेला की आणून द्यायला एक नावाडी ठेवलेला असे, आणि पाहुण्या संघाचा कॉर्नर असला की तो मुद्दाम हळू वल्हवी. युद्धाच्या चार वर्षांत खेळ बंद राहिला, तेव्हा संघाचे सदरे एका विझलेल्या भट्टीत विटांच्या थराआड लपवून ठेवले होते.

पुरुषोत्तमरावांना फुटबॉलचे काही कळत नव्हते. परंतु कृष्णाकाठच्या वीटभट्ट्यांच्या धुरात त्यांचे बालपण गेले होते आणि मातीच्या खड्ड्याचे मैदान करणे म्हणजे किती घमेली भराव, याचा हिशेब त्यांना डोळ्यांपुढे दिसत होता. नोव्हेंबरपर्यंत त्यांनी मैदानाचा आराखडा, कुंपणाची उंची आणि अक्रोडाची जागा प्रमाणात काढली होती. नातीने, आन्याने, तो कागद पाहून कपाळाला हात लावला होता.

“आजोबा, यू डोन्ट इव्हन नो द ऑफसाइड रूल!”

“शिकलो. दोन समांतर रेषा आणि एक हलता बिंदू.”

“ओह माय गॉड,” शाळेच्या संघात खेळणारी चौदा वर्षांची आन्या म्हणाली. “दॅट्स अॅक्चुअली करेक्ट.”

या इतिहासाचा कणा मात्र एकच दिवस होता. १९६३च्या एप्रिलमध्ये, घोटाभर चिखलात, वीटभट्टीवाल्यांच्या संघाने झाग्रेबच्या एका बलाढ्य क्लबला चषकाच्या सामन्यात दोन-एक असे हरवले. एकवीस वर्षांचा झ्वोनिमिर बाबिच, म्हणजे झ्वोन्को, गोलमध्ये उभा होता. त्या दिवसाचा फोटो, नोंदवही, चषक हे सारे क्लबाच्या खोलीत होते आणि ती खोली १९९१च्या युद्धात जळाली. क्लबही पुढे वीस वर्षांनी बंद पडला. आता शताब्दीनिमित्त गावातल्या उरल्यासुरल्या लोकांनी ठरवले होते, मैदानाच्या जागी त्या अकरा जणांच्या नावांचा दगड बसवायचा. नावे कोणाकडेच नव्हती. अकरांपैकी दोघे हयात होते. त्यातला एक मेलबर्नला असे, तोही गेल्या पावसाळ्यात वारला. उरला झ्वोन्को. समितीने त्याला पत्र लिहिले होते: नावे तेवढी बिनचूक कळवा, जूनअखेर पुरेल.

“बिनचूक,” झ्वोन्कोने ते पत्र वाचून दाखवताना या शब्दावर बोट ठेवले होते. “दहा जण मेले, इंजिनियर. त्यांचा एवढाच पुरावा आहे, माझं डोकं. नाव चुकलं तर तो माणूस खेळलाच नाही.”

तेव्हापासून पुरुषोत्तमराव मंगळवार चुकवत नव्हते.

जूनच्या शेवटच्या मंगळवारी दार झ्वोन्कोच्या मुलीने, वेस्नाने, उघडले. ती पन्नाशीची होती, दातांच्या दवाखान्यात काम करी आणि एरवी या वेळी घरी नसे.

“या, मिस्टर पुरू. ताता झोपलेत. रात्रभर घरात फिरत होते. म्हणून आज मी सुट्टी घेतली,” ती हलक्या आवाजात म्हणाली; वडिलांना ती ताता म्हणे. “कॉफी?”

“नको. यादी तयार आहे. आज पाठवायची तारीख.” त्यांनी पिशवीतून जाड पुठ्ठ्यात ठेवलेली शाईची अंतिम प्रत काढली. “ई-मेल तू करशील का?”

“अरे वा! किती सुंदर काढलंय हे.” तिने कागद खिडकीकडे धरला आणि वाचता वाचता हसली. मग हसणे थांबले. “कोवाल्स्की? हे कोण?”

“राइट बॅक.”

“मिस्टर पुरू, कोवाल्स्की आमचा पोस्टमन आहे. पोलिश आहे तो. रोज अकरा वाजता येतो.”

पुरुषोत्तमरावांच्या कानाला पोलिश आणि क्रोएशियन आडनावे सारखीच परकी, सारखीच खडबडीत लागत. “कोवाल्स्की नावाचे दोन असू शकतात,” ते म्हणाले.

“लुका माझ्या भावाचा मुलगा. देनिस फार्मसीतला. आणि मारिन...” तिने खुर्ची ओढली आणि ती बसली. “मारिन माझा एक्स-हजबंड. त्याला फुटबॉल बघितलं की डोकं दुखायचं.”

“पण प्रत्येक बदल त्यानं मंजूर केलाय. सही आहे.”

“तुम्हाला ठाऊक नाही?” वेस्नाने विचारले. “दीड वर्ष झालं. डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. आधी नवं जाईल, मग जुनं, आणि जिथे जुनं गेलं तिथे जे हाताशी असेल ते येऊन बसेल, असं म्हणाले. जुन्या गोष्टी बोलत राहू दे, तेवढंच बरं, म्हणाले. तुम्ही दर मंगळवारी यायचात. मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे. तुम्ही त्यांचं मन रमवताय.”

“नाही,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “मी काम करत होतो.”

वेस्ना एकदम म्हणाली, “पहिली यादी बघू ना! सुरुवातीची. ऑक्टोबरमध्ये ते पुष्कळ बरे होते. ती कुठे आहे?”

पुरुषोत्तमरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. आठ महिन्यांत झालेल्या एकेका दुरुस्तीचा अर्थ त्यांच्यापुढे उलट क्रमाने उलगडत गेला. ज्याला ते सुधारणा समजत होते, ती झीज होती. दर बदलाला एक खरा माणूस मैदानावरून उतरला होता आणि त्याच दुपारी त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या पट्ट्या केल्या होत्या.

“नाही ती,” ते म्हणाले. “आमच्यात जुनी प्रत ठेवत नाहीत.”

घरी आल्यावर त्यांनी यंत्राचा डबा उघडला. त्यात ‘जे’ प्रतीचेसुद्धा काही नव्हते; नीलांबरीने तो शुक्रवारी रिकामा केला होता आणि सोमवारी गाडी पुनर्वापराचा कचरा घेऊन गेली होती.

“बाबा, फोनवर फोटो काढला असेल ना एखादा?” नीलांबरीने विचारले. “स्कॅन? काहीच बॅकअप नाही?”

“काढला असता, तर तोही पुसला असता.”

त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवून नीलांबरी तिथेच उभी राहिली.

ते टेबलाशी बसले. कोरा कागद घेतला, अकरा चौकोन पाडले आणि ऑक्टोबरमधली पहिली प्रत डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. ती आली. स्पष्ट आली. सेंटर हाफचे नाव इतके लांब होते की चौकोनात मावेना, म्हणून अक्षरांची रुंदी कमी करावी लागली होती. लेफ्ट विंगचे चारच अक्षरांचे. इनसाइड राइटच्या नावात एका अक्षरावर लहानसे चिन्ह होते आणि ते द्यायला अर्ध्या मिलिमीटरचे पेन घेतले होते. लांबी, जाडी, अंतर, सगळे आठवत होते. नाव मात्र एकही आठवत नव्हते. चौतीस वर्षे त्यांनी ड्रॉइंगमधली मापे कधी पाठ केली नव्हती. कागद आहे तर डोक्यात कशाला, अशीच त्या कामाची शिस्त होती.

“देअर वॉज अ क्रेशिमिर,” पाठीमागून आन्या म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, त्यांना कळले नव्हते. “आय रिमेंबर, कारण मी म्हटलं होतं ना, साउंड्स लाइक क्रीम. तुम्ही रागावला होता.”

“कुठे होता? कोणत्या चौकोनात?”

“आय डोन्ट नो, आजोबा. आय वॉज जस्ट लाफिंग.”

त्यांनी कागदाच्या समासात, चौकोनांच्या बाहेर, ‘क्रेशिमिर’ असे लिहिले.

दुसऱ्या दिवशी, मंगळवार नसताना, ते झ्वोन्कोकडे गेले. तो ताजातवाना होता, दाढी केलेली, सदऱ्याची बटणे मात्र एक घर चुकलेली.

“आलास! लिही,” तो म्हणाला.

“झ्वोन्को, नीट ऐक. १९६३. एप्रिल. चिखल. तुझ्यासमोर राइट बॅक कोण उभा होता? त्याच्या पाठीकडे बघ. कोण आहे?”

झ्वोन्कोने डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचे कष्ट दिसू लागले, जड वस्तू उचलणाऱ्या माणसाचे दिसतात तसे. “पाठ दिसते,” तो म्हणाला. “ओली आहे. सदरा चिकटलाय.”

“वळू दे त्याला.”

“वळत नाही.”

पुरुषोत्तमरावांनी दुसरी पद्धत घेतली. “इवो होता का?”

“हो. इवो.”

“की क्रेशिमिर?”

“क्रेशिमिर! बरोबर. क्रेशिमिरच.”

“कोवाल्स्की?”

“कोवाल्स्की. मोठा माणूस.”

पुढचा प्रश्न विचारावा की नाही, हे त्यांनी क्षणभर ताडून पाहिले. परंतु मापक खोटा आहे की खरा, हे पाहायला ज्ञात माप लावूनच बघावे लागते. दुसरा उपाय नसतो. “आणि पुरू?” त्यांनी विचारले. “लेफ्ट बॅकला पुरू होता का?”

झ्वोन्कोने डोळे उघडले आणि प्रेमाने त्यांच्याकडे पाहिले. “होता तर! पाय तिरका पडायचा त्याचा. पण शेवटपर्यंत जागा सोडली नाही त्याने. लिही, लिही.”

पुरुषोत्तमरावांनी पेन्सिल खाली ठेवली. समोरच्या माणसाच्या सदऱ्याची बटणे त्यांनी एकेक काढून पुन्हा नीट लावून दिली. झ्वोन्कोने ती हनुवटी वर करून लावू दिली.

त्यांनी समितीला पत्र लिहिले. तीन दिवस लागले. शीर्षक, संदर्भ, मुद्दे एक ते चार: यादीतले गोलकीपरचे नाव निश्चित आहे, कारण ते एकाही प्रतीत बदललेले नाही. क्रेशिमिर नावाचा खेळाडू संघात होता. त्याची जागा ठाऊक नाही. उरलेली नावे विश्वसनीय नाहीत. मूळ प्रत निम्नस्वाक्षरीकाराच्या चुकीने नष्ट झाली असून, तिची संपूर्ण जबाबदारी त्याची आहे. तरी दगडावर एकच नाव घालून दहा जागा मोकळ्या सोडाव्यात, ही विनंती.

वेस्नाने ते भाषांतर करून पाठवले. पाठवण्यापूर्वी तिने सांगितले, “मिस्टर पुरू, माझ्याकडून एक झालंय. ‘एच’ का काय ती प्रत एप्रिलमध्ये आठवडाभर तातांकडे होती, तेव्हा त्यांनी मला दाखवली, फोटो काढून गावी पाठव म्हणाले. ते इतके खूश होते. मी न वाचताच पाठवली.”

“एच,” पुरुषोत्तमराव म्हणाले. “म्हणजे मारिन नाही. इवो.”

“त्याने काही फरक पडतो?”

“ठाऊक नाही. इवो कोण?”

“आमचा प्लंबर,” वेस्ना म्हणाली, आणि हसावे की रडावे हे न कळून तिने तोंडावर हात घेतला.

समितीचे उत्तर आठवड्याने आले. ते अत्यंत सौजन्याचे होते. गवंड्याने अक्षरे मे महिन्यातच कोरली होती. दुसऱ्या दगडाची आता शक्यता नव्हती. युद्धानंतर त्या कुटुंबांपैकी गावात कोणी उरलेले नाही, त्यामुळे हरकत घेणारेही कोणी नाही. शेवटच्या हयात खेळाडूने जी नावे दिली, तीच आम्ही खरी मानतो. इतके सुंदर रेखाटन करणाऱ्या सद्गृहस्थांना समितीचे मनःपूर्वक धन्यवाद.

पुरुषोत्तमरावांनी ते पत्र दोनदा ऐकले. हरकत घेणारा एक माणूस होता आणि त्याचीच हरकत ग्राह्य धरण्याजोगी नव्हती.

ऑगस्टमध्ये वेस्नाने झ्वोन्कोला स्मृती हरपलेल्या लोकांच्या निवासात ठेवले. सप्टेंबरातल्या एका शनिवारी दगडाचे अनावरण होते. तिकडे संध्याकाळचे पाच, इकडे सकाळचे दहा. निवासाच्या बैठकीच्या खोलीत वेस्नाने टेबलावर संगणकाचा पडदा उभा केला. लिपोवारच्या लोकांनाही कॅमेऱ्यातून ही खोली दिसणार होती. पुरुषोत्तमराव इस्त्रीचा सदरा घालून आले होते. त्यांना सोडायला नीलांबरी आणि आन्या दोघी आल्या होत्या. त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

पडद्यावर गवत, चाळीसेक माणसे आणि पांढऱ्या कापडाने झाकलेला दगड. पलीकडे नदीची एक पट्टी. उतार तेवढाच होता. पुरुषोत्तमरावांनी तो पाहताक्षणी ओळखला. कापड निघाले. एक माणूस ध्वनिक्षेपकाशी आला.

“आता हजेरी,” वेस्ना पुटपुटली. “आमच्याकडे सामन्याआधी नावं पुकारायचे. गेलेल्याचं नाव आलं की सगळे मिळून ‘ओव्द्ये’ म्हणतात. म्हणजे, हजर. तातांचं नाव शेवटी ठेवलंय, ते जिवंत आहेत म्हणून.”

नावे सुरू झाली. कोवाल्स्की. चाळीस गळ्यांतून ‘हजर’ आले, गंभीर, एकसुरात. म्हाताऱ्या बायांनी क्रूसाची खूण केली. आणि शॉमबर्गचा पोस्टमन त्या घटकेला कोणाच्या तरी पेटीत शनिवारची पत्रे टाकत असणार. लुका. हजर. इवो. हजर. देनिस. हजर. प्रत्येक नावाला पुरुषोत्तमरावांना चौकोनाची रिकामी लांबी दिसे. सेंटर हाफच्या नावाला तर पुकारलेला शब्द निम्म्या चौकोनातच संपला. ते ताठ बसून ऐकत राहिले. चुकीच्या मापाचे बावीस शाफ्ट निदान भंगारात काढता आले होते.

दहा नावे झाली. पुकारणाऱ्याने कागद खाली केला आणि तो सरळ कॅमेऱ्याकडे पाहू लागला. त्याच्यामागे सगळा जमाव वळला.

“झ्वोनिमिर बाबिच,” तो म्हणाला.

झ्वोन्को कागदी रुमालाची चौपदरी घडी घालत होता. त्याने ती उलगडली आणि पुन्हा घातली.

“ताता,” वेस्ना त्याच्या कानाशी म्हणाली. “तुझं नाव. तुला बोलावतायत.”

झ्वोन्कोने मान वळवून पाठीमागे पाहिले, कोणाला बोलावताहेत ते बघायला. मागे दाराशी नीलांबरी आणि आन्या होत्या. त्याने त्यांना अदबीने वाट मोकळी करून दिल्यासारखी खुर्ची जराशी बाजूला घेतली.

“झ्वोनिमिर बाबिच,” पलीकडून पुन्हा आले, या वेळी थोडे हळू. वेस्नाने मान खाली घातली. त्या दगडावर एवढे एकच नाव बरोबर होते.

पुरुषोत्तमराव उठले. त्यांनी झ्वोन्कोचे उजवे मनगट धरले आणि हात वर उचलला, खांद्यापर्यंत, मग डोक्याच्याही वर, कॅमेऱ्यात पुरता दिसेल असा. हात अपेक्षेपेक्षा फार हलका होता. त्याची करंगळी केव्हातरी मोडून वाकडीच बसलेली होती. पलीकडे टाळ्या सुरू झाल्या. कोणी टोपी हलवली, कोणी रडू लागले. झ्वोन्को त्या माणसांकडे कुतूहलाने पाहत होता.

टाळ्या बराच वेळ चालल्या. पुरुषोत्तमरावांचा खांदा भरून आला. त्या थांबेपर्यंत त्यांनी तो हात खाली येऊ दिला नाही.